बस खाली : शाळेतल्या बसण्याचा आणि वजनाचा इतिहास

स्मरणिकेच्या इतिहास विभागासाठी आमच्या 1996 च्या दहावीच्या बॅचमधून माझं नाव पुढे आलं, तेव्हा मलाच हसू आलं. इतिहासात मला जेमतेम मार्क असायचे. त्यामुळे शिवकाल, पेशवाई जाणकारांवर सोडते. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. वीस-बावीस वर्षं रोज आठ-दहा तास जे केलं त्याचाच इतिहास लिहिते, म्हणजे बसण्याचा.

निमित्त घरचंच आहे. माझा मुलगा पाचवीत शिकतो. गेल्या वर्षी त्याच्या शाळेतून आरोग्य तपासणीचा कागद आला, त्यात वजनापुढे लाल खूण होती. सासूबाई म्हणाल्या, "दिवसभर बसून असतो, दुसरं काय होणार?" त्यावर चिरंजीव म्हणाले, "मग वर्गात उभा राहू का?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. शाळेत सहा तास बसवणारे आपणच आणि घरी आल्यावर गृहपाठाला बसवणारेही आपणच. मराठीत अभ्यासाला 'बसतात', परीक्षेलाही 'बसतात'. ज्याचं बूड स्थिर नाही तो मुलगा वाया गेलेला. आपल्या शाळेत उभं राहणं ही तर शिक्षा होती. बाकावर उभं राहून ज्यांनी अख्खा तास काढला, ते हे वाचत असतीलच.

या बसण्याची सुरुवात बाकापासून झाली नाही. इंग्रजी अमलापूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत मुलं जमिनीवर, पुढे धूळपाटी घेऊन बसत. आपणही चौथीपर्यंत बस्करपट्टीवर बसलो. बाक आला तो युरोपातून, आणि तिथेही त्याच्यावर खरा विचार झाला तो डोळ्यांसाठी. ब्रेस्लाऊ शहरातले (आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ) डॉक्टर हेरमान कोन यांनी 10,060 शाळकरी मुलांचे डोळे तपासून 1867 मध्ये निष्कर्ष छापले. वरच्या वर्गात जावं तसं जवळचं दिसून लांबचं न दिसण्याचं प्रमाण वाढत होतं. मग बाकाची उंची, पुस्तकाचं अंतर, पाठीचा कोन यांची मोजमापं सुरू झाली. मूल नीट कसं बसेल यावर एवढी बुद्धी खर्च झाली, पण त्याने किती वेळ बसावं हा प्रश्न मागेच राहिला. शिकागोत जॉन ड्यूई यांनी 1899 मध्ये आपला अनुभव सांगितला आहे. मुलांना हातांनी काम करता येईल अशी डेस्कं शोधत ते दुकानं हिंडले. शेवटी एक दुकानदार म्हणाला की तुम्हाला काम करण्यासाठी डेस्क हवीत, आमच्याकडची सगळी ऐकण्यासाठी आहेत.

आपल्या भागाचा एक मान इथे नोंदवायला हवा. आपला तालुका पूर्वी औंध संस्थानात होता. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत आणि संस्थानातल्या शाळांमध्ये त्यांनी ते सुरू केले. 1938 मध्ये त्यावरचं त्यांचं पुस्तक इंग्लंडमध्येही निघालं. प्रार्थनेनंतर आपण बारा नमस्कार घालायचो ते तिथून आलेलं आहे, हे मला या लेखासाठी वाचेपर्यंत ठाऊक नव्हतं. बारावा नमस्कार मी कधी पूर्ण केला असेल असं वाटत नाही. मी त्या वयात जाडी होते. बॅचमधल्यांना माझं टोपणनाव आठवत असेल. इथे छापत नाही.

बसण्याचा शरीरावर काय परिणाम होतो याची पहिली गाजलेली मोजणी लंडनच्या बसमध्ये झाली. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना 1953 मध्ये प्रसिद्ध केली. दोघे एकाच खात्यातले. ड्रायव्हर जवळजवळ सगळी पाळी बसून, तर कंडक्टर दिवसाला 500 ते 750 पायऱ्या चढणारा. हृदयविकार ड्रायव्हरांत जास्त निघाला. गोष्ट इतकी सोपी आहे की ती सगळीकडे सांगितली जाते. तिचा पुढचा भाग मात्र कोणी सांगत नाही, आणि मला तोच जास्त आवडला. मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 मध्ये गणवेशाच्या नोंदी काढल्या. खात्यातून शिवून मिळणाऱ्या विजारींच्या कमरेची मापं होती त्यांत. ड्रायव्हरांच्या कमरा मोठ्या होत्या हे अपेक्षितच. पण पंचविशीतल्या ड्रायव्हरांच्याही कमरा त्याच वयाच्या कंडक्टरांपेक्षा मोठ्या होत्या, म्हणजे सीटवर वर्षानुवर्षं घालवण्याआधीच. मग बसून कंबर वाढली, की मोठ्या कमरेचा माणूस बसायचं काम धरतो? आमच्या धंद्यात दोन आकडे एकत्र वाढताना दिसले तर कोणता कोणाला ढकलतोय हे आधी तपासतात. मॉरिसनी हा आपल्याच निष्कर्षाला अडचणीचा कागद लपवला नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

त्याच वर्षी, 1956 मध्ये, हार्वर्डचे ज्याँ मेयर यांनी बंगालमधल्या एका ताग गिरणीतल्या 213 पुरुषांचा अभ्यास छापला. जड काम करणारे जास्त खात होते, हे सरळच. पण बैठं काम करणारे कमी खात नव्हते, उलट हलकं काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते आणि वजनानेही जास्त होते. म्हणजे थोडीफार हालचाल असली की भूक कामाच्या मापाने चालते, माणूस अगदीच बसला की हे माप बिघडतं. मेयर यांच्या गटाने शाळकरी मुलींकडेही पाहिलं. लठ्ठ मुली इतर मुलींपेक्षा कमी खात होत्या, पण हलतही फार कमी होत्या. 1964 मध्ये तर त्यांनी उन्हाळी शिबिरातल्या मुलींचं खेळताना चित्रण केलं. टेनिस, पोहणं, सगळं वेळापत्रकात होतं. पण चित्रफितीत लठ्ठ मुली बराच वेळ नुसत्या उभ्या किंवा तरंगत होत्या. हजेरीपटावर सगळ्या खेळल्या होत्या. हे वाचताना मला आपलं मैदान दिसलं आणि कडेच्या लिंबाखाली मी.

विजारींच्या प्रश्नाचं उत्तर मुलांच्या बाबतीत मिळायला 2011 उजाडलं. इंग्लंडमधल्या प्लिमथ शहरात 202 मुलांच्या कमरेला सातव्या वर्षापासून दहाव्यापर्यंत दरवर्षी काही दिवस हालचाल मोजणारं यंत्र बांधलं आणि शरीरातली चरबीही मोजली. ज्यांची चरबी आधी जास्त होती त्यांची हालचाल पुढे कमी झाली. ज्यांची हालचाल आधी कमी होती त्यांची चरबी मात्र पुढे वाढली असं दिसलं नाही. एका गावातली दोनशे मुलं म्हणजे सगळं जग नव्हे, हे मान्य. तरी हा निकाल मी दोनदा वाचला.

कारण माझं असंच झालं होतं. आठवीत खो-खोच्या वेळी मुली हसतात म्हणून पीटीच्या तासाला मला गुण लिहायला बसवलं गेलं. हेतू चांगलाच होता. पुढची तीन वर्षं मी वही-पेन्सिल घेऊन लिंबाखाली बसले आणि सगळे म्हणत राहिले की ही बसून बसून अशी झाली आहे. मीही तेच मानलं, चाळिशीपर्यंत. क्रम उलटा होता. मी जाड होते म्हणून बसवली गेले.

मग बसण्याने काहीच होत नाही का? त्याच प्लिमथच्या मंडळींचा 2003 चा एक अभ्यास आहे. तीन शाळा घेतल्या. एका शाळेत आठवड्याला 9 तास खेळ आणि व्यायाम, बाकी दोन्हींत दोन तासांच्या आसपास. पण पूर्ण दिवसाची हालचाल मोजली तर तिन्ही शाळांची मुलं जवळपास सारखी निघाली. शाळेत कमी हललेल्यांनी शाळा सुटल्यावर भरपाई केली होती.

भरपाईला संध्याकाळ लागते, आणि माझ्या मते गृहपाठाचा संबंध इथे येतो. आपण दप्तर फेकून लंगडीला पळायचो. माझ्या मुलाची व्हॅन साडेपाचला येते, सहाला क्लास, मग गृहपाठ. संध्याकाळ वाचवण्याची ही लढाई जुनी आहे. कॅलिफोर्नियात 1901 मध्ये 15 वर्षांखालच्या मुलांना गृहपाठ देण्यावर कायद्यानेच बंदी आली होती. आपल्याकडे लेखक आर. के. नारायण राज्यसभेत दप्तराच्या ओझ्यावर बोलले, पुढे यशपाल समितीचा अहवाल 1993 मध्ये आला. 2020 च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, असं लिहिलेलं आहे. माझ्या मुलाला तेवढा साधारण दीड दिवसात मिळतो.

राहिली ती लाल खूण. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी यांचा 2004 मध्ये लॅन्सेटमध्ये छापलेला फोटो जरूर पाहा. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा आकडा अगदी एक, 22.3. चरबी मात्र एकाची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं जन्मतः सरासरी 2.7 किलोची आणि साउथॅम्प्टनची 3.5 किलोची, पण आपल्या हडकुळ्या बाळांनी त्या मानाने चरबी बरीच राखलेली, असं त्यांच्या गटाने दाखवलं आहे. म्हणजे आपल्या मुलांच्या वजनाची गोष्ट बाकावर बसण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. त्या कागदावर खूण करणाऱ्याने एवढं पाहिलं असेल असं वाटत नाही.

मुलाच्या वर्गशिक्षिकांना मी भेटले. मी पोथी वाचणार असं वाटून त्या आधी सावध झाल्या. मी एवढंच मागितलं की त्याला पीटीच्या तासाला गुण लिहायला बसवू नका. त्या म्हणाल्या, "तो स्वतःच मागून घेतो हो ते काम." घरी येऊन त्याला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून गृहपाठ साडेसातनंतर, असं ठरवलं आणि सव्वासहाचा क्लास बंद केला. आता आम्ही दोघं खाली पार्किंगमध्ये लंगडी खेळतो. मला तीन मिनिटांत धाप लागते आणि तो मोठमोठ्याने माझे गुण मोजतो.