चांदबिबीचा तह आणि आमचे संगणकी युद्धखेळ

नगरच्या किल्ल्याची गोष्ट सांगतांना गेल्या उन्हाळ्यांत घरांतच माझी गांठ एका अवघड प्रश्नाशीं पडली. 1596 सालीं चांदबिबीनें मोंगलांचा वेढा उठविला, परंतु त्यासाठीं वऱ्हाड प्रांत त्यांच्या पदरांत टाकला, असें मी सांगत होतों. माझी तेरा वर्षांची मुलगी म्हणाली, "बाबा, वऱ्हाड दिलं म्हणजे ती हरलीच ना?" उत्तर देण्यासाठीं मीं तोंड उघडलें, तों ध्यानांत आलें कीं, हा प्रश्न तिला पुस्तकानें शिकविलेला नाहीं. तो तिला, आणि तिच्या आधीं मला, संगणकावरील युद्धखेळांनीं शिकविला आहे. त्या खेळांत मुलूख गेला कीं आंकडा घटतो, आणि आंकडा घटला कीं हार.

हे खेळ मी गेलीं पंचवीस वर्षें खेळत आलों आहें व त्याबद्दल मला संकोच वाटत नाहीं. बुद्धिबळाच्या पटापुढें रात्री जागविणाऱ्या समाजानें पडद्यावरच्या प्याद्यांचा विटाळ मानण्याचें कारण नाहीं. शिवाय मी राहतों तें गांव वेढ्यांचें आहे. 1494 मध्यें मलिक अहमदानें तें वसविलें. 2024 मध्यें सरकारदप्तरीं तें अहिल्यानगर झालें. तेथील वाटोळा किल्ला व त्याभोंवतींचा खंदक लहानपणापासून पाहिलेल्या माणसास पडद्यावर कोट दिसला कीं तुलना केल्यावांचून राहवत नाहीं. म्हणून नगरचा वेढा हाच कसोटीचा दगड धरून या खेळांपैकीं कांहींची पारख येथें करावी असें योजिलें आहे.

प्रथम वेढ्याची हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे. 1595 सालीं निजामशाहीची गादी रिकामी झाली आणि नगरांत चार पक्ष उभे राहिले. प्रत्येकाचा राजा निराळा. त्यांपैकीं मियान मंजू या वजिरानें आपल्या प्रतिस्पर्ध्यांचा मोड व्हावा म्हणून अकबराचा पुत्र मुराद यास स्वतः निमंत्रण धाडलें. मुराद येईपर्यंत मंजूस पश्चात्ताप झाला होता. परंतु आलेला पाहुणा आतां परत जाणार नव्हता. अशा वेळीं किल्ल्याचा कारभार चांदबिबीनें हातीं घेतला. ती हुसेन निजामशहाची कन्या, विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा. विजापुरासहि तिनें राज्याचा गाडा हांकलेला होता. बाल बहादूरशहाच्या नांवानें ती लढूं लागली.

मोंगलांनीं तटाखालीं सुरुंग खोदले. आंतल्यांस त्याची बातमी लागली व त्यांनीं उलट खणून कांहीं सुरुंगांतील दारू काढून घेतली. परंतु एक उडालाच आणि तटास मोठें खिंडार पडलें. त्या खिंडारांत चांदबिबी बुरखा घेऊन, हातीं नंगी तलवार धरून उभी राहिली. संध्याकाळपर्यंत हल्ले परतविले गेले आणि रात्रींत खिंडार बुजविण्यांत आलें. इतका भाग सर्वांस ठाऊक असतो. यापुढचा भाग सांगतांना आमचा आवाज जरा खालीं येतो. किल्ल्यांत अन्न संपत आलें होतें. मोंगलांच्या छावणींतहि टंचाई होती; मुराद व खानखानान यांचें परस्परांशीं पटत नव्हतें; विजापूरकडून कुमक येत असल्याची वार्ता होती. दोन्ही पक्ष थकले आणि तह झाला. वऱ्हाड मोंगलांस मिळाला. बहादूरशहाची गादी व नगरचा किल्ला राहिला.

आतां खेळांकडे वळूं. यांत वडीलपणाचा मान 'एज ऑफ एम्पायर्स'च्या दुसऱ्या भागास देणें योग्य होईल. तो 1999 सालीं निघाला. 2022 सालच्या पुरवणीनें त्यांत बंगाली, द्राविड, गुर्जर व हिंदुस्तानी अशा चार पक्षांची सोय झाली. दख्खनच्या शाह्यांस मात्र त्या चारांत जागा मिळाली नाहीं. लांकूड तोडावें, दगड काढावा, शेत लावावें, कोट बांधावा आणि सैन्य सोडावें, असा त्याचा क्रम आहे. तट पडूं लागला कीं गांवकरी धांवत जाऊन तो दुरुस्त करतात, हें पाहतांना मला नगरच्या त्या रात्रीची आठवण होते. परंतु या खेळांतील शिपाई तयार होतांना एकदांच काय तें अन्न घेतो; पुढें तो जन्मभर उपाशीं लढतो व कुरकुरतहि नाहीं. ज्या वेढ्याचा निकाल भुकेनें लावला, त्याचें चित्र अशा पटावर उमटावें कसें? खेळ म्हणून तो मला अजूनहि फार आवडतो. वेढा म्हणून तो निव्वळ हातघाई आहे.

या दृष्टीनें 2001 सालचा 'स्ट्राँगहोल्ड' अधिक जाणता वाटतो. त्यांत कोठारांतील धान्य रोज घटतें. शिधा कमी केला, कर वाढविला, कीं रयतेचें मन फिरतें व माणसें कोट सोडून चालूं लागतात. खंदक खणतां येतो. तटाखालून भुयार खोदून भिंत खचविणारे बेलदारहि त्यांत आहेत. पहिल्यांदा ते दिसले तेव्हां मला जुना परिचित भेटल्यासारखें झालें. परंतु या खेळांत किल्ल्याचा धनी मेला कीं डाव संपला आणि तो मरेपर्यंत लढाई संपत नाहीं. खिंडारापर्यंतची चांदबिबी येथें सांपडते. खिंडार बुजविल्यावर बोलणें लावणारी चांदबिबी सांपडत नाहीं.

2009 साली आलेल्या 'एम्पायर : टोटल वॉर'मध्यें 1700 पासूनचा काळ आहे व मराठ्यांचें राज्य घेऊन खेळतां येतें, म्हणून आमच्या तरुण मंडळींत त्याचें कौतुक झालें तें साहजिक आहे. त्यांतील शिपायास धीर सुटणें ठाऊक आहे. बाजूनें मार बसला कीं पलटण पाठ दाखविते. तहाचें बोलणेंहि करतां येतें, मुलूख देतांहि येतो. मात्र जिंकण्याची अट अशी कीं, ठरलेल्या सालापर्यंत ठरलेले प्रांत हातीं असले पाहिजेत. मग देण्याची सोय असूनहि देणार कोण? मीं तरी कधीं एक गांव दिल्याचें स्मरत नाहीं. डाव अंगाशीं आला कीं मी मागची नोंद उघडून पुन्हा पहिल्यापासून लढत असें.

राहिले दोन. 2013 सालच्या 'युरोपा युनिव्हर्सालिस'च्या चौथ्या भागांत 1444 ते 1821 हा काळ येतो आणि त्याच्या नकाशावर निजामशाहीहि राज्य म्हणून उभी करतां येते. वेढा पडला कीं त्यांत दर तीस दिवसांनीं फांसा पडावा तशी दैवाची परीक्षा होते : कधीं आंत अन्न तुटतें, कधीं पाणी, कधीं शिबंदी पळते, कधीं तटास खिंडार पडतें, आणि बाहेर वेढा घालणाराहि रोगराईनें व उपासमारीनें झिजत असतो. अमुक मुलूख मिळविल्यावांचून जय नाहीं अशी अट येथें नाहीं. एक प्रांत देऊन युद्ध मिटवावें आणि उरलेलें राज्य सांवरावें, हा या खेळांत शहाण्याचा मार्ग ठरूं शकतो. दुसरा खेळ 'क्रूसेडर किंग्ज'. 2014 सालीं त्याच्या दुसऱ्या भागांत हिंदुस्थानचे राजे आले. त्याचा काळ 1453 पाशीं संपतो, म्हणजे निजामशाही त्यांत बसतच नाहीं. परंतु मियान मंजू बसतो. भाऊबंद, मांडलिक, दरबारी यांपैकीं कोण केव्हां उलटेल, कोण विष घालील, याचीच चिंता त्या खेळांत राजास अहोरात्र असते. एका खेळास तह कळला, दुसऱ्यास घरभेद कळला. नगरचा इतिहास समजण्यास दोन्ही लागतात, आणि दोन्ही एकत्र कां लागतात तें 1600 सालानें दाखविलें.

त्या वर्षीं अकबराचा दुसरा पुत्र दानियाल नगरास वेढा घालून बसला. या खेपेस कुमक येण्याची आशा नव्हती. किल्ला देऊन बाल सुलतानास जुन्नरास सुखरूप न्यावें, असा विचार चांदबिबीनें जिताखान या सरदारापाशीं बोलून दाखविला. त्यानें रस्त्यांतून ओरड केली कीं, बेगम मोंगलांस फितूर झाली. खवळलेला जमाव महालांत शिरला आणि चार वर्षांपूर्वीं खिंडारांत उभ्या राहिलेल्या त्या बाईस तिच्याच माणसांनीं ठार केलें. पुढें थोड्याच दिवसांत किल्ला पडला. बहादूरशहा ग्वाल्हेरच्या बंदींत गेला. किल्ला गेला तो गेलाच. राजा वांचविण्याची जी एक वाट होती तीहि बुजली. त्या जमावास मी निर्बुद्ध म्हणत नाहीं. देणें म्हणजे हरणें, आणि हरण्याची भाषा बोलतो तो फितूर, इतकाच त्याचा हिशेब होता. आणि माझ्या पंचवीस वर्षांच्या खेळांत माझाहि हिशेब याहून निराळा नव्हता. फरक इतकाच कीं, त्या जमावास मागची नोंद उघडतां आली नाहीं.

चांदबिबीची ही विद्या पुढें मलिक अंबरानें चालविली. 1617 सालीं त्यानें खुद्द नगरचा किल्ला मोंगलांस परत दिला. खेळाच्या आंकड्यांनीं पाहूं गेल्यास तो त्या दिवशीं बुडाला. परंतु तीनच वर्षांत तो पुन्हा मैदानांत उतरला आणि 1624 सालीं नगराजवळ भातवडी येथें तळ्याचें पाणी सोडून शत्रूच्या वाटेचा चिखल केला, त्यांची रसद तोडली आणि मोंगल व विजापूर यांच्या एकवटलेल्या फौजेचा मोड केला. शहाजीराजे त्या लढाईंत अंबराच्या बाजूनें होते. त्यांचे बंधु शरीफजी तेथें पडले. राजधानी 1600 सालीं पडली, पण निजामशाही 1636 पर्यंत टिकली. हीं छत्तीस वर्षें पाय केव्हां मागें घ्यावा हें जाणणाऱ्यांनीं मिळविलेलीं आहेत.

मुलीस हें सारें सांगून झालें. ती कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं तिनें तो तहाचा खेळ लावला, नगर आपल्याकडे घेतलें आणि उत्तरेकडून फौज चालून आल्यावर बराच वेळ लढून शेवटीं एक प्रांत देऊन टाकला. युद्ध थांबलें. ती थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिली व मग मला म्हणाली, "बाबा, आता माझी माणसं मला मारायला येतील का?" या खेळांत तशी सोय नाहीं, असें मीं तिला सांगितलें.