साहेबाच्या ओट्यांवरची दोन मिनिटं

तारीख २२ जानेवारी १८९८, शनिवार, पौष अमावास्या. तुम्ही विजयदुर्गाच्या तटाआत उभे आहात. दुपार झाली आहे. गावात सूर्यग्रहणाचे वेध लागलेत, चुली थंड आहेत, पाण्याच्या भांड्यांत तुळशीपत्रं पडली आहेत.

किल्ल्यावर मात्र लगबग आहे. ओट्यांवर दुर्बिणी आणि कॅमेरे पक्के बसवले आहेत. छायाचित्र घेताना उपकरण केसभरही हलून चालणार नाही. मदतीला 'मेल्पोमिनी' या ब्रिटिश युद्धनौकेचे खलाशी आहेत. कुणी काय करायचं, याच्या तालमी आधीच झाल्या आहेत. या सगळ्यांवर लक्ष ठेवून आहेत ६१ वर्षांचे सर नॉर्मन लॉकियर, 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाचे संस्थापक.

ऊन राखाडी पडू लागतं. सावल्यांच्या कडा धारदार होतात, अंगाला गारवा जाणवतो आणि सूर्य पुरता झाकला जातो. काळ्या बिंबाभोवती प्रभामंडल पांढरंशुभ्र फुलतं. हातात आहेत जेमतेम दोन मिनिटं. छायाचित्रांच्या काचा भराभर बदलल्या जातात. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे लोलक आहे, त्यामुळे सूर्याच्या कडेवरच्या वायूंची उरलेली बारीक कोर काचेवर एकच उमटत नाही. तिथल्या प्रत्येक मूलद्रव्याच्या प्रकाशाच्या वेगवेगळ्या कमानी उमटतात. हेलियमच्याही.

आता आजच्या विजयदुर्गात या. ओटे अजून आहेत. गाव त्यांना 'साहेबाचे ओटे' म्हणतं. दर १८ ऑगस्टला इथे हेलियम दिन साजरा होतो आणि १८६८ साली लॉकियरना हेलियम इथेच सापडला, असं सांगितलं जातं. पण १८ ऑगस्ट १८६८ च्या सूर्यग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते आणि लॉकियर इंग्लंडमध्ये. तिथूनच २० ऑक्टोबरला, ग्रहणाविना, त्यांनी सूर्यज्वालांच्या वर्णपटातली पिवळी रेषा पाहिली. ती ओळखीच्या कुठल्याच मूलद्रव्याची नव्हती. या अनोळखी मूलद्रव्याला हेलियम नाव मिळालं, तरी अनेक शास्त्रज्ञांना ते पटेना. अखेर १८९५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झींना हेलियम पृथ्वीवरच्या खनिजात सापडला.

म्हणजे लॉकियर विजयदुर्गला आले ते खरे ठरल्यावर, आणि तरीही नवे प्रश्न घेऊन. दोन मिनिटांच्या काळोखासाठी या वयात समुद्र ओलांडून आलेला हा माणूस गावाच्या अभिमानाला पुरेसा आहे. ओट्यांपाशी मुलांना घेऊन गेलात, तर त्यांना १८९८ हेच साल सांगा.