छोट्या उड्यांतून उड्डाणशिक्षण : एकासनी यंत्रे, जायरोप्लेन आणि सह्याद्रीच्या पायथ्याचा प्रदेश

प्रस्तावना :

विमानविद्येचा इतिहास बहुधा विक्रमांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. पहिले उड्डाण, पहिला समुद्रलंघनाचा प्रयत्न, पहिला परवाना अशा ठळक टप्प्यांवर अभ्यासकाची दृष्टी स्थिरावते. पण माणूस उडायला नेमका कसा शिकला, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला आहे. जमिनीवरून धावत जाणे, चाके क्षणभर उचलली जाणे, यंत्र हातभर उंचीवर तरंगून पुन्हा टेकणे, आणि हीच क्रिया शेकडो वेळा करणे, या पद्धतीला प्रस्तुत लेखात 'उडी-पद्धत' असे म्हटले आहे. ही पद्धत केव्हा उदयास आली, का मागे पडली आणि जायरोप्लेन या लहान यंत्राच्या निमित्ताने ती पुन्हा का अवतरली, याचा मागोवा येथे घेतला आहे. विवेचनाच्या ओघात रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर हे तालुके आणि घाटमाथ्यावरील मावळ यांचा विचार भौगोलिक संदर्भ म्हणून केला आहे.

उडी-पद्धतीचा उदय :

जर्मनीत ऑटो लिलिएन्थाल याने १८९१ पासून टेकड्यांवरून सुमारे दोन हजार वेळा तरंगत उतरण्याचे प्रयोग केले. ९ ऑगस्ट १८९६ रोजी तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. राइट बंधूंनी त्याच्या कामाचा काळजीपूर्वक अभ्यास केला होता. १९०२ च्या हंगामात त्यांनी किटी हॉकच्या वाळूवर सातशे ते हजार वेळा ग्लायडरमधून उतरण्याचा सराव केला, आणि मगच इंजिनाचा विचार केला. १७ डिसेंबर १९०३ चे पहिले उड्डाण बारा सेकंदांचे व १२० फुटांचे होते. त्याच दिवशीचे चौथे एकोणसाठ सेकंदांचे व ८५२ फुटांचे. आजच्या भाषेत पहिले उड्डाण ही एक उडीच होय. तिचे महत्त्व तिच्या लांबीत नसून तिच्या आधीच्या हजार उतरणींत आहे.

हा मुद्दा महाराष्ट्रीय वाचकासाठी विशेष महत्त्वाचा आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविले, ही कथा मराठीत वारंवार सांगितली जाते. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमधील प्राचीन विमानविद्येवरील निबंधाने या विषयाला पुन्हा उधाण आले, आणि त्याच वर्षी या कथेवर बेतलेला एक हिंदी चित्रपटही आला. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा आधार या परंपरेला जोडला जातो, ते विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांतले असून त्यातील यंत्रे उडण्यास असमर्थ आहेत, असा निर्वाळा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्येच दिला होता. समकालीन पुराव्याचा अभाव हा आक्षेप तर आहेच. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाला आणखी एक गोष्ट खटकावी. प्रचलित कथेत एकच, पूर्ण आणि उंच उड्डाण येते. त्याच्या मागे अर्धवट धावा नाहीत, मोडलेली पाती नाहीत, हातभर उडून कलंडलेले यंत्र नाही. ज्या ज्या ठिकाणी उड्डाण खरोखर साधले गेले, त्या त्या ठिकाणी अपुऱ्या प्रयत्नांचा असा ढिगारा मागे उरलेला दिसतो. तळपदे यांची जिज्ञासा नाकारण्याचे कारण नाही. पण उड्यांशिवायचे उड्डाण इतिहासाने मान्य करणे कठीण आहे.

१९०९ नंतर फ्रान्समध्ये उडी-पद्धतीला शाळेचे रूप आले. ब्लेरिओच्या विमानात आसन एकच असल्याने गुरू शिष्याच्या शेजारी बसू शकत नसे. त्यावर तोड म्हणून पंख छाटलेली, उडू न शकणारी विमाने वापरात आली. त्यांना 'पेंग्विन' म्हणत. शिष्य प्रथम या पेंग्विनमध्ये बसून मैदानावर सरळ रेषेत धावायला शिके, मग थोडे अधिक सामर्थ्य असलेल्या यंत्रात हातभर उडे, मग सरळ उडून उतरे आणि शेवटी वळण घेई. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये दाखल झालेले अमेरिकी स्वयंसेवकही असेच शिकले. पुढे व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या विमानविद्येवर बंधने आली, तेव्हा तेथील तरुण ग्लायडरकडे वळले. रबरी दोर ताणून उघड्या लाकडी सांगाड्याला टेकडीवरून फेकायचे, आत एकटा विद्यार्थी. आधी नुसते घसरणे, मग ठेंगणी उडी, मग उंच उडी, असा तो क्रम होता.

दुसऱ्या आसनाचे आगमन :

ही पद्धत मागे पडण्याचे कारण तात्त्विक नव्हते. विमानाला दुसरे आसन आले, एवढेच ते कारण. १९१७ मध्ये इंग्लंडमधील गॉसपोर्ट येथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी याने दुहेरी नियंत्रणाच्या विमानात, बोलण्याच्या नळीतून सूचना देत शिकविण्याची शिस्त बसविली. विद्यार्थ्याला संकटापासून दूर ठेवण्याऐवजी संकटात नेऊन त्यातून बाहेर कसे यावे हे शिकविणे, हा तिचा गाभा होता. भारतात संघटित उड्डाणशिक्षण सुरू झाले ते याच टप्प्यावर. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या फ्लाइंग क्लबात दोन आसनी मॉथ विमाने होती. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला, तो अशाच दुहेरी शिक्षणानंतर. ग्लायडिंगमध्येही तेच घडले. पुण्यानजीक हडपसर येथे १९५० मध्ये ग्लायडिंग केंद्र सुरू झाले. नागरी विमान वाहतूक खात्याने आखलेले 'अश्विनी' (१९५८) आणि 'रोहिणी' (१९६१) हे भारतीय ग्लायडर दोन आसनी होते. भारतीय विद्यार्थ्याच्या वाट्याला पेंग्विन जवळजवळ आलाच नाही, असे म्हणता येईल.

जायरोप्लेन आणि उडीचे पुनरागमन :

जायरोप्लेन हे दिसायला हेलिकॉप्टरसारखे, पण तत्त्वाने वेगळे असे यंत्र आहे. त्याच्या माथ्यावरील मोठ्या पात्यांना उड्डाणात इंजिनाची शक्ती मिळत नाही. इंजिन केवळ मागचा पंखा फिरवून यंत्राला पुढे ढकलते, आणि खालून वर येणाऱ्या हवेच्या झोतावर माथ्यावरची पाती आपोआप फिरत राहतात. स्पॅनिश अभियंता हुआन द ला सिएर्वा याची सुरुवातीची यंत्रे धावतानाच एका बाजूला कलंडत, कारण पुढे जाणारे पाते मागे जाणाऱ्या पात्यापेक्षा अधिक उचल देई. पात्यांना बुडाशी बिजागरी देऊन त्याने हा दोष दूर केला आणि जानेवारी १९२३ मध्ये त्याचे चौथे यंत्र माद्रिदजवळ यशस्वीपणे उडाले. विमान वेग गमावल्यावर अचानक पडते, या भीतीतून त्याने हा उद्योग आरंभिला होता. त्याचा स्वतःचा मृत्यू मात्र १९३६ मध्ये क्रॉयडन येथे एका साध्या प्रवासी विमानाच्या अपघातात झाला, हा दैवाचा विचित्र खेळ म्हणावा लागेल.

हेलिकॉप्टर आल्यावर हे यंत्र मागे पडले. रशियात जन्मलेल्या व अमेरिकेत स्थायिक झालेल्या इगॉर बेन्सन याने १९५० च्या दशकात त्याला घरगुती रूप दिले. नळ्यांचा सांगाडा, एक आसन, सुमारे सहा मीटर व्यासाची पाती, ७२ अश्वशक्तीचे इंजिन आणि रिकामे वजन जेमतेम ११२ किलो. त्याचे आराखडे टपालाने मागवून लोक घराच्या आवारात यंत्र बांधू लागले. आसन एकच असल्याने शिक्षणाचा जुना प्रश्न नव्याने उभा राहिला, आणि त्याला उत्तरही जुनेच मिळाले.

हा शिक्षणक्रम बारकाईने पाहण्यासारखा आहे. आरंभी इंजिन नसलेला सांगाडा दोराने मोटारीमागे ओढला जाई. नंतर इंजिनाच्या यंत्रात बसून विद्यार्थी माथ्यावरची पाती हाताने ढकलून फिरती करी आणि सावकाश पुढे सरके. वाढत्या वाऱ्याने पात्यांचा वेग मिनिटाला तीनशे फेऱ्यांच्या पुढे जाई. येथे घाई केली तर पाती पुरेशी वेगवान होण्याआधीच वारा त्यांना वर-खाली फडफडवितो आणि ती शेपटीवर वा जमिनीवर आपटतात. म्हणून पहिला धडा उडण्याचा नसून थांबण्याचा असे. दुसऱ्या टप्प्यात पुढचे चाक उचलून मागच्या दोन चाकांवर तोल सांभाळत लांबवर धावायचे. हे साधले की थ्रॉटल किंचित वाढविताच यंत्र आपण होऊन जमीन सोडते. अर्धा मीटर, एक मीटर उंची, काही क्षण, आणि थ्रॉटल कमी करून पुन्हा त्याच रेषेत टेकणे.

उडी ठेंगणी का हवी, याला ठोस कारण आहे. मीटरभर उंचीवर इंजिन बंद पडले तर यंत्र फक्त टेकते. पंधरा मीटरवर कमी वेगात ते बंद पडले, तर खाली नाक करून वेग मिळविण्याइतकी उंची उरत नाही. म्हणजे सर्वांत धोक्याची उंची ती, जी नवशिक्याला मोठी प्रगती वाटते. शिवाय या यंत्राचा दांडा अतिशय हळवा असतो. यंत्र वर गेले म्हणून दांडा पुढे, खाली आले म्हणून मागे, अशा प्रत्येक वेळी थोड्या उशिरा केलेल्या हालचालींनी झोके वाढत जातात. झोक्याच्या माथ्यावर दांडा जोराने पुढे रेटला तर पात्यांवरचा भार नाहीसा होतो, त्यांचा वेग उतरतो, आणि इंजिनाच्या पंख्याचा रेटा यंत्राच्या गुरुत्वमध्याच्या वरून जात असल्यास यंत्र पुढे उलटते. त्यातून सावरता येत नाही. या रेट्याची रेषा आणि गुरुत्वमध्य यांतील अंतर हा स्थैर्याचा निर्णायक घटक आहे, हे ग्लासगो विद्यापीठातील संशोधनाने दाखवून दिले. तोवर अनेक स्वयंशिक्षित उडाणटप्पूंनी, आणि तितक्याच अनेक सावध माणसांनी, त्याची किंमत मोजली होती. दोष केवळ विद्यार्थ्याचा नव्हता. उडी-पद्धत तोल शिकवीत होती, पण झोक्यातून बाहेर पडणे शिकवू शकत नव्हती, कारण तो झोका मीटरभर उंचीवर येतच नसे. युरोपात दोन आसनी जायरोप्लेन रुळल्यानंतर गॉसपोर्टचाच धडा येथे पुन्हा गिरविला गेला आणि उडी हा शिक्षणाचा पाया न राहता एक सराव उरला.

कर्जत, खालापूर आणि घाटमाथा :

भारतात जायरोप्लेन अद्याप विरळच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये हरिद्वार येथे पर्यटनासाठी त्याची चाचणी झाली, तेव्हा अशी यंत्रे कोकणातही यावीत, असा विचार कोणाच्याही मनात येऊ शकेल. कर्जत-खालापूरचा नकाशा पाहता तो तितका सोपा नाही. एका बाजूला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या बाजूला सह्याद्रीची भिंत, मधून उल्हास आणि पाताळगंगा यांची खोरी. सपाट जमीन आहे ती भातखाचरांची, आणि खाचराला दर काही पावलांवर बांध असतो. उडी-पद्धतीला हवा असतो तो लांब, सरळ, अडथळा नसलेला पट्टा; तो येथे नाही. दुपारनंतर समुद्राकडचा वारा घाटाच्या कड्याला आपटून वर चढतो आणि खालची हवा अस्थिर करतो. शेजारच्या पनवेल तालुक्यात २०२५ च्या अखेरीस नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्याने या आकाशावर नियंत्रणाचे नवे निर्बंधही आले आहेत. उडी एक फुटाची असली तरी यंत्राची नोंदणी आणि चालकाचा परवाना यांतून सुटका नसते, हे वेगळेच.

आपत्तीच्या वेळी लहान हवाई यंत्रे उपयोगी पडतील, असेही प्रतिपादन केले जाते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. हेलिकॉप्टर सज्ज असूनही हवामानामुळे ती तेथे पोहोचू शकली नाहीत. बचावपथके डोंगराची वाट पायी चढून गेली. ज्या हवेत हेलिकॉप्टर येऊ शकत नाही, त्या हवेत उघड्या सांगाड्याचे जायरोप्लेन येईल, असे मानणे धाडसाचे ठरेल.

महाराष्ट्रात क्रमाक्रमाने चाचणी घेत जाण्याच्या परंपरेचे अलीकडचे उदाहरण वैमानिक अमोल यादव यांचे आहे. मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधले. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते प्रदर्शित झाले, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली, २०१९ मध्ये उड्डाणाची अनुमती मिळाली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर चाचण्या झाल्या. गच्ची ते धावपट्टी या प्रवासाची बहुतेक वर्षे हवेत नव्हे, तर जमिनीवर आणि कागदपत्रांत गेली. चौपाटीच्या कथेशेजारी ही हकीकत ठेवून पाहिली म्हणजे पुरावा कशाला म्हणतात हे विद्यार्थ्याला वेगळे समजवावे लागत नाही.

खालापूरहून बोरघाट चढून गेल्यावर मावळातील कामशेतच्या परिसरात मात्र उडी-पद्धत आजही जिवंत आहे. याच घाटाने रेल्वेलाही टप्प्याटप्प्यानेच वर घेतले होते : १८५६ मध्ये गाडी खोपोलीपर्यंत आली, आणि पुढची चढण पूर्ण व्हायला १८६३ उजाडले. कामशेतला १९९० च्या दशकापासून पॅराग्लायडिंग शिकविले जाते. विद्यार्थी प्रथम सपाट जमिनीवर कापडी छत्र वाऱ्यात उभे धरायला शिकतो, ते डोक्यावर स्थिर झाले की उतारावरून धावतो, आणि पाय सुटतात न सुटतात तोच पुन्हा टेकतो. प्रत्येक फेरीनंतर छत्र गोळा करून खांद्यावर टाकायचे आणि टेकडी पुन्हा चढायची. आसन येथेही एकच आहे. पण विद्यार्थ्याजवळ आता रेडिओ असतो, आणि गॉसपोर्टच्या नळीतून येणारा गुरूचा आवाज त्यातून ऐकू येतो. खालच्या खोऱ्यातून चढणारा तो समुद्री वारा, जो कर्जतच्या सपाटीवर अडचण ठरतो, तोच येथे छत्र उचलून धरतो. पावसाळ्यात हे वर्ग बंद असतात. ऑक्टोबरात वारा कोरडा झाला की पुन्हा सुरू होतात.