काचेपासून फाइलीपर्यंत: थरांच्या चित्राचा इतिहास

यवतमाळ, पुसद किंवा वणी येथील छायाचित्रकार लग्नाच्या चित्रफितीत आधी गणपती, मग फुलांची चौकट आणि त्यानंतर वधूवरांची नावे अवतरवतो, तेव्हा त्यामागे अनेकदा ‘पीएसडी’ ही थरयुक्त चित्रफाइल असते, म्हणजे जिच्यात प्रत्येक आकृती स्वतंत्र पारदर्शक थरावर राहते आणि थर एकमेकांवर रचले की चित्र पूर्ण होते, अशी फाइल. या युक्तीची मराठी पूर्वपीठिका संगणकाहून बरीच जुनी आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जे जादूच्या कंदिलाचे खेळ केले, त्यांत हाताने रंगवलेल्या काचांच्या प्रतिमा पडद्यावर एकमेकींत मिसळत आणि पौराणिक पात्रे हलल्याचा भास होई.

संगणकावर, पीएसडी ही ज्याची फाइल त्या फोटोशॉप या चित्रसंपादन सॉफ्टवेअरमध्ये, थर आले ते १९९४च्या तिसऱ्या आवृत्तीत. व्यावसायिक संपादनप्रणालीत हे थर टाइमलाइनवर, म्हणजे दृश्यांच्या कालपट्टीवर, वेगवेगळ्या ओळींत मांडता येतात. घरगुती सॉफ्टवेअरमध्ये मात्र (स्वस्ताईची किंमत इथेच मोजावी लागते) ते बरेचदा एकत्र चिकटूनच उतरतात, त्यामुळे प्रत्येक थर पारदर्शक पीएनजी फाइल म्हणून सुटा काढून पुन्हा क्रमाने रचावा लागतो.