देहाचे घड्याळ आणि प्रवासाचा वेग

ग्वाल्हेरच्या आकाशात सूर्य माथ्यावर येतो, तेव्हा भारतीय प्रमाणवेळेचे घड्याळ सरासरीने बारा वाजून सतरा मिनिटे दाखविते. १ जानेवारी १९०६ पासून ही प्रमाणवेळ अमलात आली. सतरा मिनिटांचा हा फरक देहाला जाणवतही नाही. परंतु फरक तासांचा असला आणि तो एका रात्रीत अंगावर आला, म्हणजे देह बंड करतो. अवेळी भूक लागते, रात्री डोळा लागत नाही आणि भर दुपारी पेंग येते. यालाच ‘जेट लॅग’ म्हणतात. हे दुखणे अंतराचे नसून वेगाचे आहे, याची साक्ष ग्वाल्हेरच्याच इतिहासात मिळते.

१९०० साली चीनमध्ये बॉक्सरांचे बंड उसळले. त्या मोहिमेत माधवराव महाराज शिंदे स्वतः गेले आणि ‘ग्वाल्हेर’ नावाची रुग्णनौका त्यांनी सज्ज करून दिली. पेकिंगला सूर्य ग्वाल्हेरपेक्षा सुमारे अडीच तास आधी माथ्यावर येतो. पण समुद्रप्रवास दीर्घ असे आणि हा फरक रोज काही मिनिटांनी नकळत भरून निघे.

पुढे इंपीरिअल एअरवेजच्या ‘फ्लाइंग बोटी’, म्हणजे पाण्यावर उतरणारी विमाने, कराचीहून राजसमंद, ग्वाल्हेर, अलाहाबाद, कलकत्ता असे टप्पे घेत पूर्वेकडे जाऊ लागल्या. ग्वाल्हेरला त्यांचा तळ जलाशयावर असे. १९३८ साली साउथॅम्प्टन ते सिडनी या प्रवासास साडेनऊ दिवसांच्या आसपास लागत. विमान दिवसा उडे. उतारू रात्री मुक्कामाच्या गावी निजत. दोन्ही टोकांच्या वेळांत दहा तासांचा फरक, म्हणजे दिवसाला सुमारे एक तास. आणि मनुष्यदेहाचे अंतर्गत घड्याळही साधारणपणे याच गतीने सरकते! कोणी हेतुपूर्वक न योजताही विमानाची चाल आणि देहाची चाल अशी जुळून गेली होती.

घाई करणाऱ्यांना मात्र ही अडचण आधीच उमगली होती. १९३१ साली आठ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या वायली पोस्ट या वैमानिकाने निघण्यापूर्वी निजण्याच्या वेळा मुद्दाम बदलून सराव केला होता. १९६० साली एअर इंडियाची बोइंग ७०७ विमाने उडू लागली आणि पोस्टची अडचण सामान्य उतारूच्या वाट्याला आली.

तिचे कारण आता पुष्कळसे उलगडले आहे. मेंदूच्या तळाशी असलेला एक सूक्ष्म पेशीसमूह डोळ्यांवाटे येणाऱ्या प्रकाशावरून देहाची वेळ लावतो. पेशींतील या घड्याळाची यंत्रणा शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग यांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेकांचे हे घड्याळ चोवीस तासांहून किंचित मंद चालते. म्हणून पश्चिमेचा प्रवास सोसतो, पूर्वेचा जड जातो. लंडनहून हिवाळ्यात भारतात उतरणाऱ्याच्या देहात सकाळी सात वाजता रात्रीचा दीडच वाजलेला असतो. त्यावेळचे ऊन त्याचे घड्याळ उलट मागे ओढते. दुपारचे ऊन ते पुढे सारते. म्हणून पहिल्या दिवशी दुपारी उजेडात वावरावे, स्थानिक वेळेस जेवावे आणि महत्त्वाचा निर्णय शक्य तर पुढे ढकलावा. अपुऱ्या झोपेत बुद्धीही चुकते.

मनगटावरचा काटा क्षणात फिरविता येतो. देहाचा काटा मात्र अजून फ्लाइंग बोटीच्याच चालीने चालतो.