तेरचे कापड आणि भडोचची वाळू

आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही, हे सांगायला भूगोलाचे पुस्तक उघडावे लागत नाही. सीना भीमेला मिळते, भीमा कृष्णेला. तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला. म्हणजे धाराशिवच्या माळावर पडलेला पावसाचा थेंब कोणत्याही उताराने घरंगळला तरी अखेर जातो तो पूर्वसमुद्राला. आणि तरीही सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आमच्याकडचे कापड पाण्याच्या उलट दिशेने, पश्चिम समुद्राकडे जात होते. पाणी एकीकडे आणि माल दुसरीकडे, अशी ही गंमत आहे. आणि त्या मालाचे दैव ज्या ठिकाणी ठरत होते ते ठिकाण होते भडोचपुढचे उथळ पाणी.

मी इतिहास-संशोधक नाही. कादंबऱ्या लिहितो आणि मुलांना शिकवतो, एवढाच माझा अधिकार. पण तेरणेकाठच्या माणसाला तेरबद्दल दोन शब्द बोलण्याचा हक्क असावा, असे मला वाटते. तेर म्हटले की आपल्याला गोरोबाकाका आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण गोरोबांच्या आधी हजार-बाराशे वर्षे हेच गाव ‘तगर’ या नावाने दूरदेशीच्या व्यापाऱ्यांना ठाऊक होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या, ग्रीक भाषा लिहिणाऱ्या कुणा व्यापाऱ्याने एक छोटेखानी पुस्तक लिहिले. ‘पेरिप्लस’ या नावाने ते ओळखले जाते. लिहिणाराचे नाव कुणालाच माहीत नाही. त्यात त्याने नोंदवले आहे की, भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि पैठणपासून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तगर नावाचे फार मोठे नगर आहे. तिथून गाड्या भरभरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून माल भडोचला उतरतो: जाडेभरडे कापड पुष्कळ, आणि नाना तऱ्हेची मलमल.

हे तगर कोणते, यावर पंडितांत बरीच वर्षे वाद चालला. कुणी देवगिरी म्हटले, कुणी जुन्नर, कुणी धारूर. १९०१ साली फ्लीट या विद्वानाने ते आमचे तेरच, असे दाखवून दिले. ग्रंथकाराची दिशा थोडी चुकलेली आहे. तेर पैठणच्या नेमके पूर्वेला नसून आग्नेयेला आहे. पण समुद्रावरच्या माणसाने ऐकीव माहितीवर घाटमाथ्याची दिशा लिहिली, तर तेवढी चूक पदरात घालावी. पुढे १९५८ साली चापेकरांनी तेरला उत्खनन केले. त्याआधीपासून आणि नंतरही रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गावच्या पांढरीतून मिळालेल्या वस्तू जपून ठेवल्या. आज त्यांच्याच नावाने तिथे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे आहे. त्यांच्या संग्रहातील हस्तिदंती स्त्रीमूर्तीची सख्खी बहीण शोभावी अशी एक मूर्ती १९३८ साली इटलीतील पाँपेई शहरात सापडली. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेव्हा ती बाहुली त्यापूर्वीच समुद्र ओलांडून गेली होती, हे उघड आहे.

इथपर्यंतचा इतिहास आमच्या जिल्ह्यात अभिमानाने सांगितला जातो. पण पेरिप्लसमधील तगरचे ते वाक्य वाचून पुस्तक मिटणारा वाचक अर्धीच गोष्ट ऐकतो. त्या वाक्याच्या काही पाने आधी त्या व्यापाऱ्याने भडोचच्या वाटेवरील संकटांचे जे वर्णन केले आहे, ते वाचल्यावर मला प्रथमच कळले की, तेरच्या विणकराचे पोट केवळ पावसावर आणि बैलांवर अवलंबून नव्हते. ते कधीही न पाहिलेल्या एका खाडीच्या तळावरही अवलंबून होते.

खंबायतच्या आखाताचा आकार नरसाळ्यासारखा. तोंड रुंद, आत अरुंद, आणि तळ वर वर चढत गेलेला. समुद्राची भरती त्यात शिरली की पाण्याला पसरायला जागा नसते, म्हणून ते उंच चढते. मुंबईला उधाणाच्या भरती-ओहोटीत पाच मीटरांच्या आसपास फरक पडतो. भावनगरपाशी तो दहा मीटरांच्या वर जातो. आता कल्पना करा, इजिप्तहून नवे जहाज घेऊन कुणी मालक प्रथमच या वाटेला आला आहे. आषाढ-श्रावणातल्या नैर्ऋत्य वाऱ्यावर स्वार होऊन भर समुद्र त्याने पार केला. खोल पाण्याची भीती संपली, असे तो समजतो. आणि त्याची खरी परीक्षा इथे सुरू होते.

आखाताच्या तोंडाशी उजव्या हाताला एक लांबट, खडकाळ उथळा आहे. डाव्या हाताला भूशिर, त्याला वळसा घालणारा जोराचा प्रवाह, आणि तळ इतका धारदार की नांगराचे दोर कापले जावेत. त्यातल्या त्यात डावी वाट बरी, असे ग्रंथकार सांगतो. ती साधली तरी नर्मदेचे मुख सापडत नाही. कारण किनारा सखल, अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. मुख सापडले तर त्याच्या तोंडाशीच वाळूचे दांडे. किनारा दिसत नाही तेव्हा खुणा कोणत्या? तर पाण्यातले साप! काळे मोठे साप दिसले की कच्छच्या बाजूचा समुद्र. लहान, हिरवे, सोनेरी झाक मारणारे दिसले की भडोच जवळ आले. आपल्याकडचा शेतकरी वारुळावरून पाण्याचा ठाव घेतो, त्याच जातीची ही विद्या.

आणि भरती! अमावास्येला, विशेषतः रात्रीच्या भरतीला, दुरून सैन्याचा गलका ऐकू यावा तसा आवाज आधी येतो आणि मग समुद्र वाळूच्या दांड्यांवरून धावत येतो, असे तो लिहितो. नांगर टिकत नाही. मोठे जहाज आडवे होऊन दांड्यावर आपटते. लहान होडी उलथते. ओहोटीत जे गाळात अडकते ते कुशीवर कलंडून पडते, आणि पुढच्या भरतीच्या पहिल्या लोंढ्यातच त्यात पाणी भरते. घटकेपूर्वी जिथे गलबते चालत होती तिथे कोरडी जमीन, आणि जमीन होती तिथे दर्या. म्हणून, तो बजावतो, जो अननुभवी आहे किंवा या बाजाराला पहिल्यानेच येतो आहे, त्याला इथली ये-जा फार धोक्याची आहे.

मग नवख्याने करावे काय? याचे उत्तर त्या पुस्तकात आहे आणि मला ते सगळ्या पुस्तकात अधिक मोलाचे वाटते. राजाच्या चाकरीतले तिथले कोळी भरपूर वल्हेकरी घेऊन मोठ्या नावांतून सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे येत. परक्या जहाजाला ते आखाताच्या तोंडापासून दांड्यांच्या मधून सरळ नेत, आणि पुढे दोर लावून ठरलेल्या मुक्कामांवर ओढीत. त्यांच्या वागण्यात चार नियम दिसतात. पहिला, तळ ज्याने रोज पाहिला त्याच्या हाती वाट द्यावी. जहाजाचा मालक कितीही श्रीमंत असो. दुसरा, भरतीच्या आरंभाला निघावे. याचे कारण साधे आहे: चढत्या पाण्यात नाव वाळूला टेकली तर पुढचे पाणी तिला उचलते, उतरत्या पाण्यात टेकली तर बारा तास आणि कदाचित कायमचे. तिसरा, ओहोटी लागली की पुढे जाण्याचा मोह सोडून ठरलेल्या खोल जागी थांबावे. नदीच्या पात्रात असे डोह होते. बाहेर वाळू उघडी पडली तरी तिथे नावेखाली पाणी राही. चौथा, अडकलेच तर दोन्ही बाजूंनी टेकू देऊन नाव उभी धरावी, तिला कुशीवर पडू देऊ नये.

या कोळ्यांच्या नावांना ग्रीक ग्रंथकार ‘त्रप्पगा’ आणि ‘कोटुंबा’ म्हणतो. परक्याच्या कानाने ऐकलेले शब्द म्हणून ते सोडून दिले असते; पण ‘अंगविज्जा’ या जुन्या जैन प्राकृत ग्रंथात जलयानांची जी यादी आहे तिच्यात ‘तप्पक’ आणि ‘कोट्टिंब’ अशी नावे येतात. म्हणजे त्या व्यापाऱ्याने नीट ऐकले होते. नावांची नावे दोन भाषांत टिकली. नावाड्यांचे मात्र एकाचेही नाव राहिले नाही.

वर्गात मी हा भाग शिकवतो तेव्हा मुलांना एक हिशेब घालतो. कोकणात भरतीची वेळ काढण्याची सोपी रीत आहे: तिथीची पाऊणपट करावी. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला पूर्ण भरती, दुपारी आणि मध्यरात्री ओहोटी. अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. ही रीत ढोबळ आहे, आणि आखातात आत जावे तशी वेळ पुढे सरकते. पण पंचांग हाती असले की घाटावरच्या पोरालाही समुद्राची वेळ काढता येते. अष्टमीच्या दुबळ्या भरतीला दर्यावर्दी ‘भांग’ म्हणतात, पुनव-अवसेच्या जोरकस भरतीला ‘उधाण’. कारण त्या दोन दिवशी सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन पाणी ओढतात. वाचकहो, आपण ज्या रात्री लक्ष्मीपूजन करतो ती अमावास्याच असते. लक्ष्मीची वाट पाहत पणत्या लावण्याच्या त्याच रात्री भडोचच्या मुखाशी समुद्राचा जोर मोठा असतो. त्या काळी आषाढात निघालेली जहाजे पाऊसकाळ सरता सरताच इथे पोचत. तेरची लक्ष्मी अशा उधाणातून वाट काढीत होती.

कुणी विचारील, तेरहून कल्याण जवळ. मग भडोचचा हा जिवावरचा मार्ग कशाला? तर तेही त्या ग्रंथकाराने सांगितले आहे. पूर्वी मोकळे असलेले कल्याण बंदर राज्यकर्ता बदलल्यावर अडवले गेले होते, आणि तिथे चुकून लागलेल्या ग्रीक जहाजाला पहाऱ्यात भडोचला नेले जाई. राजे भांडले, आणि त्या भांडणाची किंमत बैलांनी, गाडीवानांनी आणि नावाड्यांनी मोजली. पण एकाच रंगाने चित्र रंगवणे न्यायाचे नाही. भडोचचा धनी त्या वेळी बहुधा क्षत्रप नहपान होता. आणि त्याचाच जावई उषवदात याचा लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. दमणगंगा, तापी, डहाणूकडची नदी अशा सहा नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्या, असे तो लेख सांगतो. पाणी ओलांडून देणे हे पुण्य आहे, हे त्या घराण्याला समजत होते.

घाटावरच्या माणसाने समुद्राशी नाते जोडायचे तर किनाऱ्यावरच्या माणसाचा हात धरावा लागतो, हा धडा पुढे दीड हजार वर्षांनी शिवाजी महाराजांनी गिरवला. १६५७ साली कल्याण-भिवंडी हाती आल्यावर ते जहाजांचे नवे मालक झाले. इंग्रजांच्या उंच जहाजांशी खोल समुद्रात स्पर्धा करण्यापेक्षा उथळ पाणी हीच आपली तटबंदी, हे त्यांच्या आरमारातील कोळी-भंडाऱ्यांनी ओळखले होते. १६७९ साली खांदेरीला वेढा घालून बसलेल्या इंग्रजांना याचा अनुभव आला. मराठ्यांच्या हलक्या, वल्ह्यांच्या नावा रात्री बेटावर सामान पोचवीत. पाठलाग झाला की नागोठण्याच्या खाडीत शिरत, आणि मोठी जहाजे खाडीच्या तोंडाशीच थांबत. १६८० च्या आरंभी इंग्रज निघून गेले; खांदेरी राहिली. भडोचला जी वाळू परक्याला बुडवीत होती, तीच वाळू कोकणात आपल्यांना तारीत होती. वाळू कुणाच्या बाजूची नसते. ती ओळखणारा कुणाच्या बाजूला आहे, एवढाच प्रश्न असतो.

आज खोली मोजणारी यंत्रे आहेत, नकाशे आहेत, भरतीची छापील कोष्टके आहेत. तरीही मोठ्या बंदरात परके जहाज शिरताना तिथला वाटाड्या, ज्याला आपण पायलट म्हणतो, तो घ्यावाच लागतो. वाळूचे दांडे पावसाळ्यागणिक हलतात आणि कागदावरचे दांडे तिथेच राहतात.

उत्तर कोकणावर राज्य करणारे ठाण्याचे शिलाहार स्वतःला ‘तगरपुरपरमेश्वर’ म्हणवीत. तगर त्यांच्या हाती नव्हते; पण समुद्राकाठी बसून घाटमाथ्यावरच्या आमच्या गावाचे नाव मिरवणे त्यांना भूषणाचे वाटे. आम्ही तेरच्या बाजूच्यांनी मात्र समुद्राकाठच्या कुणाचे नाव मिरवले नाही. संग्रहालयातली ती हस्तिदंती बाहुली दाखवताना मी मुलांना सांगतो, की हिला कोरणारा कारागीर कोण ते ठाऊक नाही. पण हिच्या बहिणीला रोमपर्यंत पोचवणाऱ्यांत गाडीवान होता, व्यापारी होता, आणि अमावास्येच्या अंधारात दोर धरून, पाण्याचा आवाज ऐकत थांबलेला एक कोळीही होता. यादीत त्याचे नाव पहिले घालावे, असे माझे मत आहे. त्याचे चुकले असते, तर बाकी सगळ्यांचे श्रम गाळात गेले असते.