अंगावरचा अबोल रहिवासी

पावसाळा लागला की लहानपणी माझ्या मानेवर शिबे उठे आणि आजी लिंबाची फोड घेऊन ते चोळी. दुध्याच्या फुलासारखा ज्याचा रंग आणि घासले असता ज्यातून भुकटी झडते, असा ‘सिध्म’ नावाचा त्वग्रोग चरकसंहितेत सांगितला आहे. त्याची गाठ बहुधा आपल्या शिब्याशीच घातली जाते. रोग असा पुरातन; परंतु तो ज्याच्यामुळे होतो त्या सूक्ष्म जीवाचा लेखी इतिहास मात्र पावणेदोनशे वर्षांचाच आहे. श्रोतेहो, आज त्याच जीवाविषयी आपणांशी बोलावयाचे आहे.

१८४६ मध्ये आइखश्टेट या जर्मन वैद्याने शिब्याच्या खपल्यांत एक बुरशी पाहिली. १८७४ मध्ये लुई मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने डोक्यातील कोंड्यात अंकुर फुटणाऱ्या किण्वपेशींचे, म्हणजे यीस्टचे, वर्णन केले आणि १८८९ मध्ये त्याच्याच नावावरून या जीवास ‘मालासेझिया’ म्हणू लागले. १९०४ मध्ये साबुरो याने निराळे नाव सुचविले व पुढे कित्येक वर्षे एकच जीव दोन नावांनी वावरला. सरकारी दप्तरात वावरणाऱ्या माझ्यासारख्यास याचे विशेष नवल वाटत नाही!

हा जीव प्रयोगशाळेत वाढेचना. त्याला स्निग्ध पदार्थ लागतो, हे न्यूयॉर्कच्या ऱ्होडा बेनहॅम यांनी १९३९ मध्ये दाखविले. त्याचे कारण कळावयास २००७ साल उजाडले. त्या वर्षी त्याच्या एका जातीची सुमारे नव्वद लाख अक्षरांची जनुकसंहिता वाचून झाली, तेव्हा मेदाम्ल स्वतः तयार करण्याचे जनुकच तीत नसल्याचे आढळले. आपल्या त्वचेच्या तेलावर तो जगतो, तो असा नाइलाजाने. बहुतेकांना त्याचा उपद्रव कोंड्यापलीकडे जात नाही. मात्र अपुऱ्या दिवसांच्या ज्या अर्भकांना शिरेतून स्निग्ध पोषण द्यावे लागते, त्यांच्या रक्तात तो शिरला तर जिवावर बेतू शकते.

संहिता वाचणे निराळे आणि तिचा अर्थ लावणे निराळे. एखादे जनुक काय करते हे जाणावयाचे तर ते मोडून पाहावे लागते, किंवा त्यास खुणेचे काही जोडावे लागते. त्यासाठी बाहेरचे जनुक पेशीत घालता आले पाहिजे. पावाच्या किण्वात हे १९७८ मध्ये साधले. मालासेझियाची जाड भिंत मात्र नेहमीच्या उपायांना दाद देईना.

अखेर उपाय सापडला तो वनस्पतींच्या एका रोगात. मातीत राहणारा ॲग्रोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू झाडांच्या खोडांवर गाठी आणतो, हे १९०७ मध्ये अमेरिकेत सिद्ध झाले होते. तो आपल्या जनुकद्रव्याचा एक तुकडा झाडाच्या पेशीत सोडतो, हे १९७७ मध्ये कळले. त्या तुकड्यातील रोगकारक मजकूर काढून आपणांस हवा तो मजकूर घालावा, आणि जिवाणूस तो पोचवू द्यावा! हीच युक्ती अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात ज्युसेप्पे इयानिरी व सहकाऱ्यांनी मालासेझियावर चालविली आणि २०१६ मध्ये तिचे यश प्रसिद्ध केले. पावाच्या किण्वानंतर तब्बल अडतीस वर्षांनी ही किल्ली हाती आली.

तिचा एक सुंदर उपयोग बंगळुरात झाला. मी नोकरीनिमित्त याच शहरात राहतो, म्हणून हे थोडे अभिमानाने सांगतो. येथील जक्कूर भागात जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र आहे. तेथील कौस्तुव सन्याल यांच्या गटाने ड्यूकच्या मंडळींसह २०२० मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. पेशी दुभंगताना गुणसूत्रास ज्या बिंदूशी धरून ओढले जाते, तेथे बसणाऱ्या एका प्रथिनास त्यांनी या पद्धतीने हिरवा चकाकणारा दिवाच जोडला आणि मालासेझिया सिंपोडियालिस या जातीतील आठही गुणसूत्रांवरील ते बिंदू निश्चित केले. तिच्या ग्लोबोसा, रिस्ट्रिक्टा आणि स्लूफिए या भावंड जातींत मात्र गुणसूत्रे नऊ! मग नववे गेले कोठे? पुराभिलेखांचे फाटके कागद जुळविणाऱ्या संशोधकाप्रमाणे त्यांनी जनुकांचे क्रम ताडून पाहिले. मूळ पूर्वजाची गुणसूत्रे नऊ असावीत आणि त्यांतील एक नेमके त्या धरण्याच्या बिंदूशीच तुटले असावे, असा निष्कर्ष निघाला. त्या बिंदूच्या दोन्ही बाजूंची जनुके सिंपोडियालिसमध्ये आज दोन निरनिराळ्या गुणसूत्रांवर नांदत आहेत.